फ्रान्समधलं जुनं गढीवजा घर १६ जणांसाठी आठवडाभर: पैसे भरण्याआधी काय तपासावं?

आंबेमोहोर:
पुढच्या मे महिन्यात आम्ही १६ जण फ्रान्सच्या तुरेन भागात, आँब्वाजजवळच्या एका खेड्यात राहायचं म्हणतोय. ११ जण पुण्याहून, ५ लंडनहून. तिघे सत्तरीपुढचे, चौघं मुलं दहाच्या आतली. सतराव्या शतकातलं एक मानवार, म्हणजे गढीवजा घर, पसंत पडलंय. जाहिरातीत ८ खोल्या, १८ जणांची झोपायची सोय, ४ बाथरूम, पोहायचा तलाव. व्यवहार थेट घरमालकाशी: ३० टक्के आत्ता, बाकी एक महिना आधी. स्वयंपाक घरीच, शाकाहारी. काय काय विचारून घ्यावं?

चौथरा:
पहिला प्रश्न १६ या आकड्याचाच. फ्रान्समध्ये १५ पेक्षा जास्त पाहुण्यांच्या निवासाची जागा 'सार्वजनिक वापराची इमारत' धरली जाते. मग आगीचे नियम हॉटेलासारखे कडक होतात: बाहेर पडायच्या वाटा, आपत्कालीन दिवे, अलार्म. मालकाला सरळ विचारा, 'घर १५ च्या वर मंजूर आहे का? तसा कागद दाखवाल का?' 'चालतं हो, सगळेच करतात' असं उत्तर आलं तर घर सोडा. काही झालं तर विमा कंपनी याच मुद्द्यावर अंग काढून घेईल. १५ जणांचं घर आणि त्याच गावात एक खोली, हा मार्ग जास्त सुरक्षित.

'१८ जणांची सोय' यात दिवाणखान्यातले सोफाबेडही मोजलेले असतात. खोलीवार यादी मागा: कोणत्या मजल्यावर, पलंग किती रुंद. तिकडे डबलबेड बऱ्याचदा १४० सेंटिमीटरचाच असतो. बाथरूमला वाट दुसऱ्या खोलीतून नाही ना, हेही विचारा. जुन्या घरांत असं फार असतं. सत्तरीपुढच्यांसाठी तळमजल्यावर खोली आणि संडास दोन्ही हवेत. वर जाणारा दगडी गोल जिना आतल्या बाजूला अगदी अरुंद होतो, पायऱ्या झिजलेल्या असतात आणि कठडा म्हणून कधी नुसता दोर.

करारात आगाऊ रकमेला काय म्हटलंय ते बघा. 'आर' (ए-आर-आर-एच-ई-एस) असेल तर तुम्ही रद्द केल्यास तेवढेच पैसे जातात, आणि मालकाने रद्द केल्यास त्याला दुप्पट परत द्यावे लागतात. 'आकोंत' असेल तर व्यवहार पक्का आणि पूर्ण भाडं मागता येतं. ऑनलाइन खरेदीला मिळणारी १४ दिवसांची माघार ठरलेल्या तारखांच्या निवासाला लागू नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे तुमचा नोव्हेंबरपासून, आणि त्याला राहण्याचा पुरावा हवा. म्हणजे घर आधी, व्हिसा नंतर. म्हणून 'व्हिसा नाकारल्यास रक्कम परत' ही ओळ करारात घालून घ्या आणि सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे लिहा.

फसवणुकीची शंका असेल तर त्या भागाच्या पर्यटन कार्यालयाला फोन करा. अशा भाड्याच्या घराची नोंद मेरीत, म्हणजे गावच्या नगरपालिकेत, करावी लागते.

लोआरकाठ:
चौथऱ्यांशी सहमत. पण घर कायदेशीर असूनही आठवडा बिघडतो तो गरम पाणी आणि विजेमुळे, म्हणून हे आकडे मालकाकडून लेखी घ्या.

गरम पाण्याची टाकी किती लिटरची? ६० अंशांची २०० लिटरची टाकी थंड पाणी मिसळून साधारण ३७५ लिटर अंघोळीचं पाणी देते. शॉवरला माणशी ५० लिटर धरा: सात-आठ जणांनंतर गार. १६ जणांना ३०० लिटरच्या दोन टाक्या हव्यात. शिवाय टाकी बऱ्याचदा फक्त रात्रीच्या स्वस्त विजेवर तापते, मग दुपारी संपली की दुसऱ्या सकाळपर्यंत बसा. विजेच्या पेटीत तिचा तीन स्थितींचा छोटा स्विच असतो: ०, ऑटो, १. तो १ वर केला की लगेच तापायला लागते, पण ३०० लिटरला ३ किलोवॉटवर पाच तास लागतात. अर्ध्या जणांनी रात्री अंघोळ करावी. टबला मात्र नाहीच म्हणा, एकच टब दीडशे लिटर पितो.

वीज: जोडणी किती केव्हीएची, म्हणजे एका वेळी किती वीज घेता येते? ९ केव्हीए म्हणजे ४५ अँपिअर. ओव्हन ३ किलोवॉट, इंडक्शनचे दोन बर्नर साडेतीन, किटली २, त्यात टाकी ३. झालं, घर अंधारात. नव्या 'लिंकी' स्मार्ट मीटरने वीज तोडली असेल तर आधी दोन-तीन उपकरणं बंद करा, मग मीटरवरचं 'अधिक' बटण काही सेकंद दाबून धरा. थ्री-फेज १२ केव्हीए ऐकायला मोठं वाटतं, पण एका फेजवर फक्त २० अँपिअर मिळतात. स्वयंपाकघर सगळं एकाच फेजवर असेल तर तेवढंच उडत राहतं.

हीटिंग: मे महिन्यात तिथल्या रात्री गार असतात, आणि जाड दगडी भिंतींनी हिवाळ्याची थंडी धरून ठेवलेली असते. 'हीटिंगचे पैसे वेगळे' असं लिहिलं असेल तर दर विचारा, जमल्यास आठवड्याची ठोक रक्कम ठरवा. तेलाचा बॉयलर असेल तर आल्या दिवशी टाकीतली पातळी दोघांनी मिळून बघून लिहून ठेवा. शेकोटीत लाकडं पेटवता येतात का हेही विचारा, अनेक जुन्या चिमण्या शोभेपुरत्याच उरल्यात.

सांडपाणी बहुधा सेप्टिक टाकीत जातं. ओले वाइप्स, पॅड, ब्लीच आणि फोडणीचं उरलेलं तेल यातलं काहीही आत जाता कामा नये. १६ जणांच्या भारात टाकी तुंबली तर शनिवार-रविवारी उपसायला माणूस मिळत नाही.

आंबेमोहोर:
खूप उपयोगी. मालकाला आजच लिहिते. तलावाचं आणि स्वयंपाकघराचंही सांगाल का?

पोळपाट:
चूल गॅसची की इंडक्शनची, हे आधी. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, तळाशी लोहचुंबक चिकटेल असाच न्या. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे. मिक्सरला फक्त अर्थिंग असलेला फ्रेंच ॲडॅप्टर लागतो.

पुण्याहून तूप, पेढे, पनीर, खवा नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. लंडनवाल्यांनाही हे लागू. तूप तिकडेच कढवा: 'ब्यर दू' म्हणजे बिनमिठाचं लोणी, ते कुठेही मिळतं आणि उत्तम असतं. मसाले, पोहे, तूरडाळ न्या. 'लांती कोराय' म्हणजे आपली मसूरडाळ, 'प्वा शिश' म्हणजे काबुली चणे. पोळ्यांसाठी टी११० पीठ बघा (आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त). टी५५ मैद्याच्या जवळचं, टी१५० पूर्ण कोंड्याचं.

आणि हळद! तुरेनच्या जुन्या घरांचा दगड म्हणजे तुफो: पांढरा, मऊ, सच्छिद्र चुनखडी. फरशी किंवा ओटा तसा असेल तर हळदीचा डाग निघत नाही आणि अनामतीतून पैसे कापले जातात. पहिल्याच दिवशी ओट्यावर प्लास्टिक अंथरा. उदबत्ती-समई लावायची असेल तर मालकाला विचारूनच.

किराणा लक्लेर किंवा सुपर यू यांच्या ॲपवर आधी नोंदवून शनिवारी संध्याकाळी उचला. रविवारी दुकानं उघडलीच तर बहुधा साडेबारापर्यंत. १ मे रोजी तर जवळजवळ सगळं बंद.

चौथरा:
तलाव: ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खासगी तलावाला कुंपण, अलार्म, मजबूत आवरण किंवा वरून छत, यांपैकी एक सक्तीचं आहे. यातला अलार्म मूल पाण्यात पडल्यावर वाजतो. चार लहान मुलं असताना किमान १.१० मीटर उंच, आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचं कुंपणच मागा. गढीभोवतीचा खंदक, तळं, विहीर हे या कायद्यात येत नाहीत, त्यामुळे तेही फोटोंत शोधा. मे महिन्यात पाणी तापवलेलं नसेल तर मुलं उतरणारच नाहीत, मग तलावाचं जादा भाडं कशाला?

नुकसानीचा विमा: फ्रेंच भाडेकरूंना तो बहुधा स्वतःच्या घराच्या विम्यातून मिळतो, आपल्या प्रवास विम्यात बहुधा नसतो. मालकाच्या विम्यात भाडेकरूवर दावा न करण्याची अट आहे का, विचारा. अनामत सहसा हजार युरोंपुढे असते. चेकऐवजी कार्डावर राखून ठेवता येईल का बघा. आल्यावर घराची स्थिती लिहितात तेव्हा प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा आणि तुटक्या काचा, हलणारे कठडे त्याच कागदावर लिहून सही घ्या.

घाटवाट:
तारखा नक्की करण्याआधी फ्रेंच सुट्ट्या बघा. १ मे, ८ मे, असान्स्याँ या ख्रिस्ती सणाचा गुरुवार. गुरुवारला शुक्रवार जोडून तिथली कुटुंबं मोठी घरं लवकर अडवतात. महिन्याच्या मधला साधा आठवडा स्वस्त पडतो आणि मालक शनिवार ते शनिवारचा हट्ट धरत नाही.

गाड्या: साध्या परवान्यावर चालकासह ९ आसनांपर्यंत चालवता येतं. दोन गाड्या, प्रत्येकी आठ जण, पण सामानासाठी लांब मॉडेलच मागा. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. पॅरिस विमानतळावरून तुरेनमधल्या सँ-पिएर-दे-कोर स्टेशनला थेट टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वेगाड्या, आहेत. तिथल्या गाडीच्या काउंटरची शनिवारची वेळ बघूनच रेल्वे तिकीट काढा, छोट्या स्टेशनांवर ते दुपारीच बंद होतात.