मदत हवी आहे : जीवामृत ठिबकमधून सोडलं की ड्रिपर चोक होतात

नमस्कार मंडळी. वाशीमकडे दोन एकर हळद आहे. यंदा युरिया निम्म्यावर आणून जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं, जिवाणूंचं पातळ खत) सुरू केलंय. प्रमाण नेहमीचंच : 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, 10 लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ न् बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ड्रम सावलीत, सकाळ-संध्याकाळ ढवळतो.

पहिले दोन डोस बादलीने बुडाशी ओतले, पण कंबरडं मोडलं. मजूर मिळत नाहीत (मिळाले तर परवडत नाहीत). म्हणून आईच्या जुन्या लुगड्यातून दोनदा गाळून व्हेंच्युरीने (पाण्याच्या प्रवाहाबरोबर पातळ खत ठिबकच्या नळीत ओढून घेणारा जोड) सोडलं. तिसऱ्या दिवशी शेवटच्या ओळी कोरड्या! नळी उघडली तर आत शेवाळासारखा बुळबुळीत थर, ड्रिपरच्या तोंडाशी बेसनाचा लगदा.

सध्या जाळीचा फिल्टर आहे. डिस्क फिल्टर घेतला तर भागेल का? बेसन कमी केलं तर चालेल का, की त्याऐवजी दुसरं काही? दुकानदार नळ्या साफ करायला त्यातून ॲसिड सोडा म्हणतो, पण मग जिवाणूंचं काय? ज्यांनी स्वतः ठिबकमधून सोडलंय त्यांनीच सांगा, व्हिडिओ खूप बघून झालेत.