महामारीत नेत्रपेढ्या बंद ठेवणं हा भित्रेपणा होता का?

दीपस्तंभ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "कोविडच्या भीतीने नेत्रपेढ्यांनी शटर ओढलं आणि माणसं आंधळी राहिली." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये हा विषाणू कॉर्नियात, म्हणजे दात्याकडून घेऊन रोपण करतात त्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, राहतो का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अश्रूंत तो सापडल्याच्या बातम्या मात्र येत होत्या. रोपण केलेल्या कॉर्नियातून दुसऱ्याला रेबीज झाल्याची नोंद 1979 सालची आहे, पेढ्या ते विसरत नाहीत. आणि जो तंत्रज्ञ मृताच्या चेहऱ्यावर वाकून डोळे काढतो, त्यालाही घरी लेकरं असतात.

खडूफळा: ते मीच लिहिलं. सुरुवातीचे दोन महिने सोडून देतो. पुढचं नाही सोडणार. दात्याच्या डोळ्यावर पोविडोन आयोडीन हे जंतुनाशक आधीपासूनच वापरतात, त्याने हा विषाणू मरतो. रोपणातून कोविड झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण माझ्या वाचनात नाही.

दीपस्तंभ: हे आज कळतंय. तेव्हा दात्याच्या कोविड चाचणीचा अहवाल येईपर्यंत एमके माध्यमात, म्हणजे कॉर्निया जपून ठेवायच्या द्रवात, तो टिकतो ते 4 दिवस संपत यायचे.

थेंब: एमकेशिवाय दुसरं काही नसतं का? ऑप्टिसॉलमध्ये 14 दिवस मिळतात. ग्लिसरीनमध्ये तर कितीतरी महिने. अल्सरने भोक पडलेला डोळा बुजवायला तो कॉर्निया चालतो.

दीपस्तंभ: डोळा वाचतो, नजर येत नाही. ग्लिसरीनमध्ये एंडोथेलियम (कॉर्निया पारदर्शक ठेवणारा पेशींचा आतला थर) मरतं. पण तातडीच्या केसेसपुरतं तुमचं बरोबर, एवढं म्हणतो.

सुईदोरा: ज्यांचं रोपण आधीच झालं होतं त्यांच्याबद्दल कुणी बोलणार आहे का? आईचा डोळा लाल झाला, उजेड सोसेना. फोनवर उत्तर मिळालं, "ओपीडी बंद आहे, थेंब चालू ठेवा." तपासणी झाली तोवर रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवा कॉर्निया नाकारणं, हाताबाहेर गेलं होतं. स्टेरॉइड वेळेवर वाढवलं असतं तर कॉर्निया वाचण्याची आशा होती. पेढी उघडी असती तरी तिला काय उपयोग होता?

थेंब: उपयोग होता. दुसऱ्या रोपणाला कॉर्निया कुठून आणणार?

गावकूस: महामारीआधी तरी कुठे होते कॉर्निया? 2016 च्या जागतिक पाहणीत 70 गरजूंमागे 1 होता. खरा अडसर नातेवाईक. माझ्या मामांनी नेत्रदानाचं संकल्पपत्र भरून कपाटाला चिकटवलं होतं. ते गेले तेव्हा मुलाने पेढीला फोनच केला नाही.

सुईदोरा: बाप गेलेल्या मुलाला दोष देऊ नका हो! साथीत तर लोकांना शेवटचा चेहरा बघायला मिळाला नाही. त्यांच्यासमोर संमतीचा कागद धरायचा?

गावकूस: धरायचा. डोळे काही तासांतच काढावे लागतात, दुःख ओसरेपर्यंत ते थांबत नाहीत. मामांची इच्छा मोठी की मुलाचा संकोच?

सुईदोरा: इच्छा मामांची, पण त्या रात्री घरात वावरायचं मुलाला होतं. तुम्ही होतात का तिथे?

गावकूस: होतो. मीही बोललो नाही, म्हणूनच आज बोलतोय.

खडूफळा: काही देशांत फोनवर संमती घेऊन ती रेकॉर्ड करतात. साथीत घरोघरी जाणं बंद झालं, तेव्हा निदान हे सगळीकडे सुरू करता आलं असतं.

दीपस्तंभ: संमती फोनवर मिळेल. डोळे काढायला माणूसच जावा लागतो, आणि त्याला पीपीई किट कोण देणार, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.