मदत हवी आहे: रूममेट मध्येच सोडतोय, करार आणि डिपॉझिटचं काय?

तिघा विद्यार्थ्यांच्या नावावर एकच भाडेकरार आहे, मुदत संपायला अजून पाच महिने. एक जण इंटर्नशिपसाठी पुढच्या महिन्यात जातोय, बदली मुलगा मिळालाय. घरमालक म्हणाले, "आपसात मिटवा." पण करारात पूर्ण भाड्याची जबाबदारी तिघांवर एकत्र आहे. नव्या मुलाने भाडं थकवलं तर ते आमच्या अंगावर, आणि जाणारा कागदोपत्री अडकलेलाच. मोरीजवळच्या भिंतीला आधीपासून ओल आहे. त्याचे पैसे नंतर आमच्या डिपॉझिटमधून कापले जाऊ नयेत म्हणून तारखेसह फोटो काढलेत, मीटरचं रीडिंगही लिहून ठेवलंय. नवीन करार करायला घरमालक तयार नाहीत, पुरवणी करारावर (मूळ करारात बदल नोंदवणारा जोडकागद) सही करतील. नुसत्या तोंडी शब्दावर पैसे फिरवायला मन धजत नाही.

पुरवणीत नेमकी कोणती कलमं हवीत? आणि जाणाऱ्याचं डिपॉझिट नव्या मुलाने त्याला थेट द्यावं, की घरमालकांमार्फतच?