पोर्शे बॉक्स्टर ९८६ (पहिल्या पिढीची बॉक्स्टर): खाली थेंब नाही म्हणून हेड गॅस्केट?

गाडीखाली डाग नाही आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तर कमी होतंय, म्हणजे हेड गॅस्केटच (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलं असं काही जण म्हणतात, ते ९८६ ला तरी लगेच लावू नका. या गाडीचा एक्सपान्शन टँक (कूलंटची टाकी) मागच्या डिकीत आहे, प्लास्टिकचा, आणि वयाने त्याला तडे जाणं हे या मॉडेलचं ठरलेलंच दुखणं, मग गळलेलं कूलंट कार्पेटखाली मुरतं, जमिनीवर येणार कुठून? आधी डिकीचं कार्पेट पूर्ण उचला, खाली ओल, गोडसर वास किंवा वाळलेला पांढरट-गुलाबी थर दिसतो का बघा.

मग टँकचं झाकण. त्यावरच्या पार्ट नंबरचे शेवटचे दोन आकडे 00 किंवा 01 असतील तर ते जुनं डिझाइन, सरळ नवीन घ्या, टँकच्या मानाने फारच स्वस्त पडतं. प्रेशर टेस्ट (कूलिंग सिस्टिममध्ये दाब देऊन गळती शोधणं) इंजिन थंड असताना करून घ्या, कारण गरम इंजिनावर बारीक गळती वाफ होऊन उडते आणि काहीच सापडत नाही. एवढं करूनही काही मिळालं नाही तर ब्लॉक टेस्ट (इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये येतोय का हे द्रावणाच्या रंगावरून बघणं) करा, निळं द्रावण पिवळं झालं तरच गॅस्केटचा विषय काढा, उगाच इंजिन उतरवायला देऊ नका प्लीज.