मदत हवी आहे: बाबांना नवरंगाचं हिवाळ्यातलं घर बघायचंय (श्रीलंका, पक्षी सहल, गाइड कसा निवडावा?)

दहिवर

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागते.

माझे बाबा ७१ वर्षांचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त. आम्ही पनवेलचे, त्यामुळे कर्नाळा म्हणजे बाबांचं दुसरं घर. पहिला पाऊस पडला की ते नवरंग पक्षी ऐकायला जाणार, हे माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. त्यांच्या वह्या आहेत, रेघी, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. त्यात नोंदी अशा: "८ जून. नवरंग. तीनदा शीळ. दिसला नाही." मग चार दिवसांनी: "दिसला. पालापाचोळा उलटत होता. पोटाखाली लाल." आणि दरवर्षी पावसाळा संपता संपता एकच शब्द: "गेला."

परवा जेवताना म्हणाले, "हा इथून जातो तो दक्षिणेत आणि लंकेत. चाळीस वर्षं त्याचं माहेर बघतोय, एकदा सासर बघायला हवं." मी गंमत म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी ते पासपोर्टचा अर्ज कसा भरायचा विचारायला आले.

तर जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत आम्ही दोघं जायचं म्हणतोय. ९ दिवस. अडचणी अशा:

एक, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट रस्त्यावर दोन तास हळूहळू चालतात, उतार आला की थांबतात. दोन, २०१९ मध्ये स्टेंट घातलाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि तिकडच्या जंगलात जळवा आहेत असं वाचलं. तीन, ऐकू थोडं कमी येतं. बारीक आवाजाचे पक्षी आता त्यांना ऐकूच येत नाहीत, हे ते कबूल करत नाहीत.

चौथी अडचण माझी. दोन वर्षांपूर्वी त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून पश्चिम घाटातल्या एका ग्रुप टूरला पाठवलं होतं, मीही सोबत होते. चौदा माणसं आणि त्यातल्या अकरा जणांकडे हातभर लांब लेन्स. गाइडने खिशातला स्पीकर लावून पक्ष्याचाच आवाज वाजवायला सुरुवात केली ती किती वेळ! शेवटी बिचारा पक्षी आला, शटर फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडले, आणि मागच्या रांगेत जुनी दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या बाबांनी मला हळूच सांगितलं, "मला शेपूट दिसलं." परतीच्या बसमध्ये सगळे एकमेकांना फोटो दाखवत होते आणि हे खिडकीतून बाहेर बघत होते. वहीत त्या दिवसाची नोंदच नाही.

म्हणून विचारते. ग्रुप टूर घ्यावी की आमच्या दोघांपुरती गाडी आणि गाइड? सावकाश बघणाऱ्या माणसाला चालेल असा गाइड ओळखायचा कसा? आणि सिंहराजा जंगल त्यांना झेपेल का? बजेट दोघांचं विमानासकट अडीच लाख, थोडं वर गेलं तरी चालेल. याद्या पुऱ्या करायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत.

घाटमाथा

काका भारी आहेत. पण खर्च कशाला? केरळात थट्टेकाडला जा. कोचीपासून दोन तास, पासपोर्ट नको, व्हिसा नको. १९८३ पासूनचं अभयारण्य, सलीम अलींचं नाव दिलेलं, तिथले होमस्टेवाले स्वतःच उत्तम गाइड. फ्रॉगमाउथ हा रात्री फिरणारा पक्षी तिथेही दिवसा फांदीवर बसलेला दाखवतात. आणि नवरंग हिवाळ्यात केरळातही असतोच.

दहिवर

@घाटमाथा, हे मी बाबांना वाचून दाखवलं. उत्तर जसंच्या तसं देते: "तो पाल्कची सामुद्रधुनी पंखांवर ओलांडतो, मला विमानात बसून ओलांडायची लाज वाटायची काय?" थट्टेकाड पुढच्या वर्षी, असं ठरलंय.

माळरान_सोलापूर

मी २०२३ च्या फेब्रुवारीत गेलो होतो, आईला घेऊन (६८). त्यामुळे तुमचा प्रश्न कळतो.

पहिलं उत्तर: ग्रुप नको. दोघांपुरतीच गाडी करा. पण तिथे एक घोळ आहे तो समजून घ्या. "ड्रायव्हर गाइड" हा शब्द तिकडे सरसकट वापरतात. त्यांच्या पर्यटन प्राधिकरणाचा परवाना असलेला शोफर गाइड म्हणजे गाडी चालवणारा आणि देऊळ, इतिहास, चहाचे मळे सांगणारा माणूस. माणूस चांगला असतो, पण पक्ष्यातलं कळेलच असं नाही. आमच्या पहिल्या गाइडला कोतवाल आणि कोकिळा एकच वाटायचे, आणि वाटेत दोनदा मसाल्याच्या बागेत आणि एकदा रत्नांच्या दुकानात गाडी थांबली. तुम्हाला पक्ष्यांचा गाइड वेगळा हवा, किंवा गाडी चालवणाराच पक्षीवाला हवा. असे आहेत, पण हंगामात त्यांच्या तारखा फार आधी भरतात.

ओळखायचा कसा? मी फोनवर हे विचारलं होतं. ईबर्डवर, म्हणजे पक्षी नोंदींच्या संकेतस्थळावर, तुम्ही कुठल्या नावाने आहात? खरा पक्षीवाला लगेच सांगतो, आणि मग त्याच्या याद्या तुम्ही स्वतः बघू शकता: कुठल्या महिन्यात, कुठे, किती वेळ उभा होता. पाच तासांत चार जागा करणारा माणूस तुमच्या कामाचा नाही.

दुसरं, तुमच्याकडे स्कोप आहे का? तिवईवरचा टेलिस्कोप. हा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा. दुर्बिणीत पक्षी सापडेपर्यंत म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो आणि पक्षी उडतो. स्कोप लावून दिला की काका घडीच्या स्टुलावर बसून पाच मिनिटं निवांत बघतील. फ्रॉगमाउथ, घुबड, तांबट, धनेश, असे बसून राहणारे पक्षी स्कोपमध्ये जे दिसतात ते फोटोतही दिसत नाहीत.

तिसरं, आवाज वाजवण्याबद्दल थेट विचारा. "आम्हाला प्लेबॅक नको, नाही दिसला तरी चालेल." पलीकडे एक क्षण शांतता होईल. त्यानंतर तो काय बोलतो त्यावरून माणूस कळतो. माझा गाइड म्हणाला, "मग मला जास्त मजा येईल."

जाईजुई

जळवांबद्दल, कारण मी डॉक्टर आहे (हृदयाची नव्हे). जळू चावताना रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, त्यामुळे ती निघाल्यावरही जखम बराच वेळ झिरपत राहते. गोळीवर असलेल्या माणसात आणखी जास्त वेळ. साधारणपणे घाबरण्यासारखं नसतं, पण जायच्या आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे लाल शाईने लिहा. बाकी उपाय: गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स पँटवरून चढवायचे. साधे मोजे चालत नाहीत, विणीतून आत शिरते. ड्रेसिंगचं सामान जवळ ठेवा. फेब्रुवारी तिथला त्यातल्या त्यात कोरडा महिना आहे, जळवा कमी असतात. नसतात असं नाही.

कोकणकडा

तंबाखूचं पाणी पायाला लावा. आमच्या आजोबांचा उपाय. 😀

जाईजुई

@कोकणकडा, आजोबा रक्त पातळ करायच्या गोळीवर होते का?

माळरान_सोलापूर

आता सिंहराजा. झेपेल, आणि मी तर म्हणेन की काकांसारख्या माणसासाठीच ते जंगल आहे. कारण सांगतो.

१९७० च्या दशकात तिथे प्लायवूडसाठी लाकूडतोड चालली होती, ती विरोधामुळे थांबली. पुढे १९८८ मध्ये जागतिक वारसा झालं. त्या तोडीसाठी केलेला ट्रकचा रस्ता आज कुडावा गावाच्या बाजूने चालायची मुख्य वाट आहे. रुंद आणि बऱ्यापैकी सपाट. सोबत वनखात्याचा स्थानिक गाइड घ्यावाच लागतो, तो तुमच्या पक्षीवाल्याखेरीज. त्रास असलाच तर खालच्या तिकीटघरापासून वर जाणाऱ्या जीपचा. रस्ता इतका खडबडीत की माझ्या आईने रामरक्षा सुरू केली. वर दरवाज्याजवळच राहायची साधी सोय आहे, तिथे राहिलात तर हा प्रवास एकदा जाताना, एकदा येताना, बस्स.

आणि तिथे पक्ष्यांच्या मागे धावायचं नसतं. तासभर जंगल रिकामं असतं, एक पानही हलत नाही. मग दुरून कलकलाट येतो. नारिंगी चोचीचे सातभाई, दहा, वीस, आणि त्यांच्याबरोबर तुरेवाला कोतवाल. या दोघांभोवती बाकीचे जमत जातात: ट्रोगन, निळा मॅगपाय, वर शेंड्यावर लाल तोंडाचा मालकोहा. चाळीसेक पक्ष्यांची वरात एकत्र भक्ष्य हुडकत पुढे सरकते. सातभाई पालापाचोळा आणि फांद्या उचकतात, उडालेले किडे कोतवाल टिपतो, आणि शिकरा आला की तोच आधी ओरडतो. इतर पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका तो हुबेहूब काढतो. १९८० च्या दशकापासून तिथे या थव्यांचा अभ्यास चालू आहे. वाटेवर एका जागी उभं राहिलं की वरात तुमच्या अंगावरून जाते. आई म्हणाली, "पंढरीच्या वाटेवर उभं राहिल्यासारखं वाटलं." दहा मिनिटांत सगळं गप्प.

सातभाईंचा आवाज जाड असतो, काकांना ऐकू येईल.

एक सावधगिरी. सेरेंडिब स्कॉप्स आउल नावाचं छोटं तांबूस घुबड तिथे आहे, २००१ मध्ये पहिल्यांदा दिसलं, २००४ मध्ये नवी जात म्हणून नोंदलं गेलं. वनखात्याच्या गाइडना त्याची दिवसा बसायची जागा माहीत असते आणि ते दाखवायला फार उत्सुक असतात. पण ती जागा बहुतेक वाट सोडून, निसरड्या उतारावर, वेताच्या काट्यांत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला तिथे नेऊ देऊ नका. आईला मी वर बसवलं आणि एकटा गेलो, कोपर सोलून परत आलो. घुबडाने एक डोळा उघडला होता.

शाम्या_दुबई

याला नॅशनल पार्क घ्याच! बिबटे! ते केलं नाही तर श्रीलंका केली असं म्हणताच येणार नाही.

माळरान_सोलापूर

असहमत. एका बिबट्याभोवती तीसेक जीपा बघितल्या आहेत मी. काकांना पुन्हा शेपूटच दिसायचं. हत्ती बघायचे असतील तर उडावालावे करा, एका सकाळीत पोटभर दिसतात, आणि तो दिवस जीपमध्ये बसून, म्हणजे गुडघ्याला सुट्टी.

सुगरण_पुणे

पक्ष्यांमधलं मला काही कळत नाही, जेवणाचं सांगते. शाकाहारी असाल तर परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसुरीची डाळ, आणि इडिअप्पम, हे सगळीकडे मिळतं. पण पोल सांबोल, ती नारळाची लाल चटणी, तिच्यात बहुतेक ठिकाणी सुक्या माशाचा चुरा असतो. विचारून घ्या.

दहिवर

@सुगरण_पुणे, बाबा शनिवार सोडून सगळं खातात, शनिवारी सांगून ठेवते.

@माळरान_सोलापूर, किती मनापासून लिहिलंत! वारीचं वाक्य बाबांनी दोनदा वाचायला लावलं. पण मुख्य मुद्दा राहिलाच की. नवरंग कुठे?

माळरान_सोलापूर

अरे हो. तो जंगलातही दिसेल, पण तुमच्यासाठी जागा आहे नुवारा एलिया गावातली व्हिक्टोरिया पार्क. गावाच्या मधोमध, तिकीट काढून आत जायची साधी फुलझाडांची बाग. शाळेच्या सहली, फुगेवाले. तिच्या कडेने एक कचरट ओढा जातो. हिमालयातला पाइड थ्रश आणि काश्मीरचा फ्लायकॅचर हिवाळ्यात येऊन त्या ओढ्याकाठी राहतात, आणि नवरंगही. जगभरचे लोक किमती दुर्बिणी गळ्यात घालून कचऱ्याकडे टक लावून उभे असतात, दृश्य बघण्यासारखं असतं. गाव १,८०० मीटरच्या वर आहे, स्वेटर आणि कानटोपी न्या.

सिंहली लोक नवरंगाला अविच्चिया म्हणतात. तमिळमध्ये त्याचं नाव सहाच्या ठोक्याचा पक्षी अशा अर्थाचं आहे, कारण सकाळ संध्याकाळ सहाच्या सुमारास शीळ घालतो. तीच दोन सुरांची, कर्नाळ्यातली.

माझा क्रम असा होता: विमानतळावरून थेट कितुलगला गावी २ रात्री, नुवारा एलिया २, उडावालावे १, सिंहराजा ३, मग कोलंबो. नुवारा एलियाजवळच्या हॉर्टन प्लेन्स पठारावर फक्त पहाटे गाडीने जाऊन रस्त्याकडेच्या डबक्यावर लंकेतल्या शीळकरी कस्तुराची वाट बघायची. तिथल्या वर्ल्ड्स एंड कड्यापर्यंतची नऊ किलोमीटरची पायी फेरी सोडून द्या. मार्चच्या पुढे ढकलू नका, हे हिवाळी पाहुणे एप्रिलपर्यंत परत निघालेले असतात. आणि ईटीए, म्हणजे लंकेचा ऑनलाइन प्रवेश परवाना, सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, शुल्काचे नियम मधूनमधून बदलतात.

दहिवर

दोन गाइडना फोन केले. पहिल्याने नऊ दिवसांत सगळ्या एंडेमिक, म्हणजे फक्त लंकेतच सापडणाऱ्या, जाती दाखवायची हमी दिली. दुसऱ्याला प्लेबॅक नको म्हटलं, तर त्याने विचारलं, "तुमचे वडील सकाळी किती वाजता उठतात?" बाबा शेजारीच होते, त्यांनी फोन हातात घेतला. दोघांना एकमेकांचं इंग्रजी अर्धंच कळत होतं. मग बाबांनी शीळ घातली, नवरंगाची. पलीकडून तीच शीळ आली.

त्याच्याकडे स्कोप आहे. १ ते ९ फेब्रुवारी ठरलंय. डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतली आहे.

बाबांचा एक शेवटचा प्रश्न: त्या बागेत बसायला बाकं आहेत का?

माळरान_सोलापूर

आहेत. थंडीने गार पडतात, खाली घालायला वर्तमानपत्र न्या.