मदत हवी आहे: मुलीचा ओसीडी, महासाथ आणि व्हिडिओवरची थेरपी

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी १० वर्षांची आहे. तिला ओसीडी (मंत्रचळ) असल्याचं निदान कोरोनाच्या आधीच झालं होतं. जंतूंची भीती, पुन्हा पुन्हा हात धुणं आणि "आई, मला काही होणार नाही ना?" हे सारखं विचारणं. ईआरपी थेरपीने तिला चांगला गुण येत होता. त्यात दाराच्या कडीला हात लावायचा आणि हात न धुता थांबायचं. जीव कासावीस होतो, पण थोड्या वेळाने ते आपोआप ओसरतं, हे मुलाला स्वतः अनुभवू द्यायचं. सोप्या पायरीवरून हळूहळू अवघड पायरीवर न्यायचं.

मार्च २०२० मध्ये महासाथ जाहीर झाली आणि आम्ही तिला जे सोडायला शिकवत होतो तेच सगळं जग करायला सांगू लागलं. ती म्हणते, "बघ, माझं खरंच होतं." यावर दहा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं?

थेरपिस्टनी आता नियम आखून दिलाय: बाहेरून आल्यावर, जेवणाआधी, शौचानंतर, शिंकल्या-खोकल्यावर साबणाने २० सेकंद, एकदाच. त्यापलीकडचं धुणं आजाराचं. मला हे पटतं. पण ती अडते ती "एकदाच"वर. नीट धुतले गेले नाहीत असं वाटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

दुसरं, आजी-आजोबा आमच्याकडेच असतात. "माझ्यामुळे आजोबांना झालं तर?" असं ती विचारते. एरवी अशा प्रश्नाला दर वेळी धीर देत राहिलं की आजार बळावतो, म्हणून एकदाच उत्तर देऊन थांबायचं असं आम्हाला शिकवलंय. पण ही भीती पूर्णपणे खोटी नाही. नुसतं "काही होणार नाही" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सेशन आता व्हिडिओवर होतात. एक फायदा मात्र मोठा: जिथे त्रास होतो तो नळ, ते बेसिन थेरपिस्टना थेट दिसतं. तरीही ती मोकळी होत नाही. घरात कुणीतरी ऐकेल या धास्तीने कुजबुजते, मग कॅमेराच बंद करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या पाहणीत ७० टक्क्यांहून अधिक देशांनी लहान-किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्य सेवा विस्कळीत झाल्याचं कळवलं होतं, तेव्हा यातून गेलेले पालक इथेही नक्की असतील.

डॉक्टरांनी सर्ट्रालीन सुरू केलंय. ओसीडीत पूर्ण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, आणि सुरुवातीला झोप, चिडचिड, स्वतःला इजा करण्याचे विचार यांवर बारीक लक्ष ठेवायला सांगितलंय. ते आम्ही करतो आहोत. त्यामुळे औषध किंवा डोस याबद्दल कृपया सल्ला नको.

मला हवंय ते असं: तुमच्या मुलांसाठी व्हिडिओ सेशनमध्ये एकांत कसा मिळवून दिलात? लिहून किंवा चित्र काढून बोलणं कुणाला जमलं का? "एकदाच" धुण्यावर थांबायला मुलाला कशाने मदत झाली? आणि आजोबांबद्दलच्या प्रश्नाला खरं, पण आजाराला खतपाणी न घालणारं उत्तर तुम्ही कोणत्या शब्दांत दिलंत? शब्द जसेच्या तसे लिहिलेत तर फार मदत होईल. मुलांसोबत काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ इथे असतील तर त्यांनीही जरूर लिहावं.