देवनागरी स्ट्रूप प्रयोग सायकोपायवर: वेलांटी सरकते आणि प्रतिक्रियाकाल अर्ध्या सेकंदाने जास्त येतो

प्रश्न (एम.ए. विद्यार्थिनी, नागपूर)

सर्वांना नमस्कार. मी नागपुरात मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी स्ट्रूपचा प्रयोग मराठीतून करते आहे. यात रंगाचे नाव एखाद्या रंगात लिहिलेले दिसते आणि शब्द न वाचता तो रंग ओळखायचा असतो; नाव आणि रंग वेगळे असले की वेळ जास्त लागतो. आमच्या महाविद्यालयात हे प्रात्यक्षिक आजवर छापील तक्ते आणि स्टॉपवॉच यांवरच होत आले आहे. त्यात पूर्ण तक्त्याचा मिळून एकच वेळ हाती येतो, एकेका शब्दाचा कळत नाही, म्हणून मार्गदर्शक सरांची परवानगी घेऊन मी सायकोपाय हे संगणकावर प्रयोग घेण्याचे सॉफ्टवेअर वापरायचे ठरवले. ते मोफत आहे आणि त्याच्या बिल्डरमध्ये कोड न लिहिता प्रयोग मांडता येतो.

लाल, निळा, हिरवा आणि पिवळा हे चार शब्द, तेच चार रंग आणि रंगीत कागद चिकटवलेल्या चार कळा अशी रचना आहे. आधी ५०० मिलिसेकंद अधिकचे चिन्ह दिसते, मग शब्द येतो आणि कळ दाबताच पुढची फेरी सुरू होते. १२ जणांवर पूर्वचाचणी घेतली तेव्हा दोन अडचणी आल्या. एका लॅपटॉपवर ‘निळा’मधली वेलांटी ‘न’च्या आधी न येता नंतर उमटते, ‘हिरवा’ आणि ‘पिवळा’ यांचेही तसेच होते, ‘लाल’ मात्र नीट दिसतो. दुसरी अडचण मोठी आहे. सुसंगत (नाव आणि रंग एकच असलेल्या) शब्दांनासुद्धा प्रतिक्रियाकाल सरासरी १,२०० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, आणि तरीही काही नोंदी ३०० पेक्षा कमी आहेत. विसंगत (नाव एक, रंग दुसरा असलेल्या) शब्दांना सुमारे १०० मिलिसेकंद अधिक लागतात, म्हणजे परिणाम दिसतो, पण आकडे पटत नाहीत. सरांच्या मते लॅपटॉप मंद असावेत आणि परवाना घेऊन ई-प्राइम हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर वापरावे. तो खर्च मला झेपणारा नाही. नेमके काय चुकत असावे?

उत्तर १ (प्रयोगशाळेत शिकवणारा, धरमपेठ)

तुमचे आकडेच सांगतात की दोष लॅपटॉपचा नाही, मांडणीचा आहे. साध्या पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटले जाते, म्हणजे एका चौकटीला १६.६७ मिलिसेकंद लागतात. मंद यंत्रावर एखाद-दुसरी चौकट हुकली आणि यूएसबी कीबोर्डने आपला विलंब त्यात मिळवला, तरी ती चूक काही दहा मिलिसेकंदांच्या घरातच राहते. प्रत्येक नोंदीत सारखाच अर्धा सेकंद वाढणे त्यातून होणार नाही. अर्धा सेकंद हा तुमच्या अधिकच्या चिन्हाचा काळ आहे.

चिन्ह, शब्द आणि कीबोर्ड हे तिन्ही घटक तुम्ही एकाच रूटीनमध्ये (प्रयोगाच्या एका टप्प्यात) ठेवले असतील आणि कीबोर्डची सुरुवात ० वर राहिली असेल. सायकोपाय प्रतिक्रियाकाल मोजते ते कीबोर्ड हा घटक सुरू झाल्यापासून. शब्द कधी दिसला याच्याशी त्याला देणेघेणे नाही. शब्दाची सुरुवात ०.५ वर असेल तर कीबोर्डचीही ०.५ वरच हवी. ३०० पेक्षा कमी असलेल्या नोंदींचा उलगडाही यातच आहे. चिन्ह पडद्यावर असतानाच कुणीतरी कळ दाबली आणि रूटीन तिथेच संपले. त्या फेरीत सहभागीने शब्द पाहिलाच नाही, तेव्हा ५०० च्या आतल्या अशा नोंदी वगळाव्यातच लागतील.

पूर्वचाचणी वाया गेली असे मात्र समजू नका. घटकांच्या सुरुवातीच्या वेळा साठवण्याचा पर्याय चालू असेल तर माहितीच्या फाइलमध्ये शब्दाची आणि कीबोर्डची अशा दोन्ही वेळा सापडतील. त्यांतले अंतर फेरीगणिक काढून प्रतिक्रियाकालातून वजा करा. स्ट्रूपचा परिणाम ही दोन सरासरींमधली वजाबाकी असल्यामुळे सारखाच वाढलेला काळ तिच्यातून आपोआप निघून जातो, म्हणून तुमचे १०० मिलिसेकंद टिकले. पण ‘१,५०० च्या वरच्या नोंदी काढा’ अशी एखादी मर्यादा तुम्ही लावली असेल, तर ती चुकीच्या जागी लागली आहे आणि त्यात विसंगत फेऱ्याच जास्त गळाल्या असतील. ते आधी तपासा.

ई-प्राइम चांगले आहे, पण वेळ कोठून मोजायचा हे तिथेही तुम्हालाच सांगावे लागेल. आणि एक गोष्ट सरांच्या बाजूने: १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप यांनीही कार्डावरच्या १०० नगांचा एकत्रित वेळच मोजला होता, त्यामुळे जुनी पद्धत चुकीची ठरत नाही, तिच्यातून एकेका फेरीबद्दल बोलता येत नाही, इतकेच.

उत्तर २ (संशोधक विद्यार्थी, मराठी वाचनावर काम)

वेलांटीबद्दल लिहितो. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, पण युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) ती व्यंजनाच्या नंतर साठवलेली असते. तिला उचलून पुढे नेण्याचे काम अक्षरे जुळवणारी प्रणाली करते आणि ती जिथे नसते तिथे वेलांटी जागेवरच राहते. तुमच्या चारपैकी तीन शब्दांत नेमकी तीच आहे. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही: मोडलेला शब्द अडखळत वाचला जातो, आणि स्ट्रूपचा सारा परिणाम वाचन आपसूक होण्यावर उभा असल्यामुळे त्या लॅपटॉपवरची माहिती बाकीच्यांत मिसळता येणार नाही.

खात्रीचा मार्ग म्हणजे शब्द आणि रंग यांच्या १६ जोड्यांची १६ चित्रे करून मजकुराऐवजी चित्र दाखवणे. सर्व चित्रांची लांबी-रुंदी सारखीच ठेवा आणि शब्दाच्या कडेने कापू नका. ‘हिरवा’ची वेलांटी शिरोरेघेच्या वर जाते, ‘लाल’मध्ये वेलांटीच नाही, त्यामुळे कडेने कापलेल्या चित्रांत शिरोरेघ प्रत्येक वेळी वरखाली होते आणि डोळ्याला ते जाणवते. ब्राउझरमध्ये चालणारे जेएस-सायक वापरले तर हा प्रश्न सहसा येत नाही, कारण ब्राउझर देवनागरी नीट जुळवतो. मात्र त्यासाठी जावास्क्रिप्ट लिहावी लागेल.

आपल्या नागपुरात आणखी एक काळजी घ्यावी असे मला मनापासून वाटते. एकाच वर्गात मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमातून आलेली मुले असतात. घरी मराठी बोलणारी पण इंग्रजीतून शिकलेली मुलगी ‘पिवळा’ सावकाश वाचत असेल, तर तिच्याकडे रंगाला होणारा अडथळाही कमी भरेल. शालेय माध्यम आणि रोजच्या वाचनाची लिपी ही दोन्ही सुरुवातीच्या माहिती-चौकटीतच विचारा. आणि रंगांधत्वासाठी इशिहारा तक्ते आधी दाखवा.

विद्यार्थिनी

कीबोर्ड खरोखरच ० वर होता. दोन्ही वेळांतले अंतर काढले, ते सगळीकडे ०.५ च्या अगदी जवळ आहे. १,५०० ची मर्यादाही मी लावली होती, ती काढून गणित पुन्हा करते. अजून एक विचारते: १६ जोड्यांत ४ सुसंगत आणि १२ विसंगत येतात. समान करण्यासाठी मी सुसंगत जोड्या तीनदा घेतल्या, म्हणजे २४ फेऱ्यांचा एक गट. हे चालेल का?

उत्तर १ (प्रयोगशाळेत शिकवणारा, धरमपेठ)

संख्या जुळल्या, पण एक नवी अडचण आत आली. आता ‘लाल’ हा शब्द सहापैकी तीन वेळा लाल रंगात येतो आणि बाकी प्रत्येक रंगात एकेकदाच, त्यामुळे शब्दावरून रंगाचा अंदाज बांधता येतो. सुसंगत फेऱ्या जलद झाल्या तर त्या अर्थामुळे की या सरावामुळे, हे सांगता येणार नाही. त्यापेक्षा लाल-निळा आणि हिरवा-पिवळा अशा दोन जोड्या करा आणि प्रत्येक शब्द फक्त आपल्या जोडीतल्या दोन रंगांत, निम्म्या-निम्म्या वेळा दाखवा. आठच नग होतील, प्रमाण समान राहील आणि शब्दावरून दोन्ही रंग सारखेच संभवतील. लूपचा (फेऱ्या पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या घटकाचा) प्रकार ‘रँडम’ ठेवलात तर प्रत्येक आवर्तनात आठही नग एकेकदा येतील.

चाचणी घेताना लॅपटॉप चार्जरवर असू द्या. वीज गेली आणि यंत्र बॅटरी वाचवण्याच्या अवस्थेत गेले की चौकटी हुकू लागतात, आणि तो विलंब सारखा नसल्यामुळे वजाबाकीत निघून जात नाही. उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्या.